मुंबई ते न्यूयॉर्क: हवाई अंतर आणि प्रवासाची वेळ न चुकता कशी काढायची

अंतर शोधायचं, त्याला ९०० ने भागायचं आणि आलेल्या चौदा तासांवर पुढचं सगळं ठरवायचं, ही पद्धत इतकी रुळली आहे की ती चुकीची असल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही. प्रत्यक्षात मुंबईहून न्यूयॉर्कला विनाथांबा जाताना सोळा तासांच्या वर लागतात, येताना पंधराच्या आत, आणि घरातून निघून घरात पोहोचायला अठ्ठावीस तास सहज जातात. मधुमेहाच्या गोळ्या, न्यायला येणारी गाडी, पुढचं विमान या सगळ्या गोष्टी या आकड्यांवर अवलंबून असतात.

खाली छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ ते जॉन एफ. केनेडी विमानतळ हे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. त्यातल्या सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा हिशेब समजावण्यासाठी धरलेल्या आहेत. पद्धत मात्र कुठल्याही दोन विमानतळांना लागू पडते. टप्प्यांचा क्रम बदलू नका, कारण प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्यात लागतं.

तयारी

कॅल्क्युलेटर साइन-कोसाइनवाला घ्या किंवा संगणकावर एक्सेल उघडा. तिकीट किंवा कंपनीचं वेळापत्रक समोर ठेवा. घरात पृथ्वीचा गोल आणि दोरा असेल तर तोही काढा, पडताळणीला उपयोगी पडतो. सगळ्या वेळा चोवीस तासांच्या घड्याळात लिहा. 'रात्री साडेबारा' असं लिहिलं की तारखेचा घोळ ठरलेला.

आणि चार वेगळ्या गोष्टींसाठी चार वेगळ्या ओळी आखून ठेवा: सरळ हवाई अंतर, विमानाने प्रत्यक्ष कापायचा मार्ग, ब्लॉक टाइम (विमान जागेवरून हललं तेव्हापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा वेळ) आणि घर ते घर लागणारा वेळ. बहुतेक चुका यातली एक गोष्ट दुसरीच्या जागी वापरल्याने होतात.

टप्पा १: शहर नाही, विमानतळ ठरवा

न्यूयॉर्कच्या तिकिटावर जेएफके असू शकतं किंवा ईडब्ल्यूआर, म्हणजे न्यू जर्सीतलं नेवार्क. दोन्हींमधलं सरळ अंतर सुमारे ३३ किमी आहे. साडेबारा हजार किमीच्या हिशेबात ते नगण्य आहे, पण न्यायला येणारा माणूस चुकीच्या विमानतळावर गेला तर शहराच्या गर्दीतून तास-दीड तास जातो. आपल्याकडेही आता तेच झालं आहे. मुंबईचा बीओएम वेगळा, नवी मुंबईचा एनएमआय वेगळा. गोव्यात दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. तीन अक्षरी चिन्ह तिकिटावरून उतरवून घ्या, आठवणीवर विसंबू नका.

टप्पा २: अक्षांश-रेखांश दशांशात आणा

मुंबई विमानतळ: १९ अंश ०५ मिनिटं १९ सेकंद उत्तर, ७२ अंश ५२ मिनिटं ०५ सेकंद पूर्व.
केनेडी विमानतळ: ४० अंश ३८ मिनिटं २३ सेकंद उत्तर, ७३ अंश ४६ मिनिटं ४४ सेकंद पश्चिम.

मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवा. मुंबई १९.०८९ आणि ७२.८६८ येते, केनेडी ४०.६४० आणि ७३.७७९.

७२ अंश ५२ मिनिटं म्हणजे ७२.५२ नव्हे. ही चूक केली तर मुंबई विमानतळ पश्चिमेला छत्तीस-सदतीस किलोमीटर सरकून थेट समुद्रात जातो.

*सावधान:* पश्चिम रेखांश ऋण धरायचा असतो. ते चिन्ह विसरलं आणि ७३.७७९ पूर्व म्हणून टाकलं, तर तुम्ही न्यूयॉर्कऐवजी किर्गिझस्तानात, ओश शहराच्या पूर्वेला जाऊन बसता आणि अंतर येतं जेमतेम २,४०० किमी. इतकं कमी उत्तर आलं की आधी हे चिन्ह तपासा.

टप्पा ३: सरळ हवाई अंतर काढा

गोल पृथ्वीवर दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे बृहत्‌वर्तुळाचा कंस. त्याचं सूत्र असं:

कोसाइन (कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कोसाइन (पहिला अक्षांश) × कोसाइन (दुसरा अक्षांश) × कोसाइन (रेखांशांतला फरक)

एक ठिकाण पूर्वेला आणि दुसरं पश्चिमेला असल्याने रेखांशांची बेरीज करायची: ७२.८६८ + ७३.७७९ = १४६.६४७ अंश. आता आकडे घाला:

०.२१३० + (०.७१७१ × −०.८३५३) = −०.३८६०

हे ज्याचं कोसाइन आहे तो कोन ११२.७ अंश. एका अंशाला १११.२ किमी, म्हणून अंतर सुमारे १२,५३० किमी.

*तपासणी:* उत्तर ऋण आलं म्हणून घाबरू नका. कोसाइन ऋण म्हणजे कोन ९० अंशांहून मोठा, म्हणजेच अंतर १०,००० किमीहून जास्त. मुंबई-न्यूयॉर्कला ते तसंच यायला हवं. मुंबई-लंडनला मात्र ऋण आलं तर काहीतरी चुकलं आहे, कारण ते अंतर ७,२१० किमीच्या आसपास आहे.

एक्सेलमध्ये हमखास होणारी चूक अशी की तिथे साइन आणि कोसाइनला कोन अंशांत नाही, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात लागतो. अंश तसेच टाकले तर एक्सेल तक्रार न करता चुकीचं उत्तर देतं. हातातल्या कॅल्क्युलेटरवर उलट प्रकार असतो, तिथे पडद्यावर अंशांची खूण आहे ना ते बघा.

एककंही इथेच नक्की करा. १२,५३० किमी म्हणजे साधारण ७,७९० मैल किंवा ६,७७० सागरी मैल. सागरी मैल १.८५२ किमीचा, साधा मैल १.६०९ किमीचा. विमानाच्या तांत्रिक माहितीत सागरी मैल असतात. तो आकडा साधे मैल समजून १.६०९ ने गुणला की अंतर १०,९०० किमीच्या आत येतं आणि हिशेबातून दीड हजारांहून जास्त किलोमीटर गळतात.

टप्पा ४: नकाशावरची रेघ सोडा, खरा मार्ग धरा

भिंतीवरच्या नेहमीच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. त्या रेघेची खरी लांबी भरते सुमारे १४,२०० किमी. सगळ्यात जवळची दिसणारी रेघ बृहत्‌वर्तुळापेक्षा जवळजवळ १,७०० किमी लांब असते.

गोलावर दोरा ताणून बघा. तो मुंबईतून वायव्येला, किंबहुना उत्तरेकडे जास्त कलत निघतो. पाकिस्तान, पश्चिम अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, मग मॉस्कोच्या अगदी जवळून दक्षिण फिनलंड, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम, आइसलंडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून लॅब्राडॉर आणि मेन राज्यावरून न्यूयॉर्क. सगळ्यात उत्तरेला तो ६४.७ अंशांपर्यंत चढतो.

आता या देशांची यादी पुन्हा वाचा. विमान या रेघेवरून जाईल की नाही हे गणितावर नाही, परवानगीवर ठरतं. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने हवाई हद्द बंद ठेवली होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांसाठी ती पुन्हा बंद केली. युक्रेन युद्धानंतर २०२२ पासून रशियाची हद्द अमेरिकी आणि युरोपीय महासंघातल्या कंपन्यांना बंद झाली. म्हणून एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, वेगवेगळ्या देशांच्या कंपन्यांचे मार्ग वेगळे असू शकतात. 'गेल्या वर्षी तर पंधरा तासांत गेलो होतो' याला काही अर्थ उरत नाही.

वळसा मोजायची सोपी रीत म्हणजे मार्गाचे तुकडे पाडणं. विमान जिथून वळसा घेणार त्या भागातलं एखादं ओळखीचं शहर घ्या आणि टप्पा ३ दोनदा करा. इस्तंबूलवरून गेलो असं धरू: मुंबई-इस्तंबूल सुमारे ४,८३० किमी आणि इस्तंबूल-न्यूयॉर्क सुमारे ८,०३० किमी, एकूण १२,८६०. वळसा फक्त ३३० किमीचा. त्यावर उड्डाणानंतर आणि उतरण्याआधीची वळणं, ठरलेल्या हवाई रस्त्यांनुसार जाणं, ढग टाळणं यासाठी तीनेक टक्के धरा. आपला कामाचा आकडा झाला १३,३०० किमी.

*तपासणी:* खरा मार्ग सरळ अंतरापेक्षा कमी कधीच येऊ शकत नाही. साधारण ३ ते ८ टक्के जास्त येतो. पंधरा टक्क्यांहून जास्त आला तर निवडलेलं शहर चुकीच्या दिशेला आहे.

झालेल्या उड्डाणांचा मार्ग फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर दिसतो. तुमच्याच विमान क्रमांकाचे मागचे काही दिवस बघितले तर अंदाजाची गरजच कमी होते. अटलांटिकवरचे ठरलेले मार्ग तर वाऱ्यानुसार रोज बदलतात, त्यामुळे एकच दिवस बघून थांबू नका.

टप्पा ५: वेग आणि वारा

बोइंग ७७७ सुमारे मॅक ०.८४ ने (म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पट वेगाने) उडतं, ७८७ आणि एअरबस ए३५० सुमारे ०.८५ ने. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर, उणे ५५ अंशांच्या आसपासच्या थंडीत, मॅक ०.८४ म्हणजे ताशी ८९५ किमी. मॅक १ म्हणजे ताशी १,२२५ किमी हे समुद्रसपाटीचं गणित इथे लावलं तर वेग १,०२९ येतो, आणि तो चूक आहे. थंड हवेत ध्वनीचाच वेग कमी असतो.

हे ८९५ मात्र हवेच्या सापेक्ष आहेत. जमिनीवरचं अंतर कापण्याचा वेग वाऱ्यावर ठरतो. या अक्षांशांत उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. पूर्ण मार्गाची सरासरी म्हणून जाताना ताशी ४० किमी वजा आणि येताना ५० किमी अधिक धरणं या मार्गासाठी योग्य ठरतं. येताना जास्त, कारण तेव्हा कंपन्या मुद्दाम वारा गाठणारा मार्ग निवडतात.

जाताना: १३,३०० ÷ ८५५ = १५.५६ तास
येताना: १३,३०० ÷ ९४५ = १४.०७ तास

*सावधान:* १५.५६ तास म्हणजे १५ तास ५६ मिनिटं नाहीत. दशांशाला ६० ने गुणा: ०.५६ × ६० = ३३.६, म्हणजे १५ तास ३४ मिनिटं. या एका चुकीने बावीस मिनिटं फुकट वाढतात, आणि ती सर्रास होते.

*तपासणी:* विमानाला तेवढं जाता येतं का तेही बघा. ७७७-३००ईआर ची क्षमता सुमारे १३,६५० किमी सांगितली जाते, तीही वारा नसताना. समोरच्या वाऱ्यात १३,३०० किमी जायचं म्हणजे हवेतून जवळजवळ १३,९०० किमी कापायचं. अशा वेळी कंपनी माल किंवा प्रवासी कमी घेते, नाहीतर वाटेत इंधनाला उतरते. तिकिटावर 'थेट' लिहिलेलं असलं तरी मध्ये थांबा असू शकतो. 'विनाथांबा' लिहिलं आहे का ते वेगळं तपासा.

टप्पा ६: ब्लॉक टाइम

वर चढताना आणि खाली येताना विमान पूर्ण वेगात नसतं, त्यासाठी १५ मिनिटं मिळवा. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं आणि पलीकडे उतरल्यावर जागेवर पोहोचणं यासाठी अर्धा तास. केनेडी आणि मुंबई दोन्हीकडे गर्दी असते, त्यामुळे यात काटछाट करू नका.

जाताना सुमारे १६ तास २० मिनिटं, येताना सुमारे १४ तास ५० मिनिटं. तिकिटावरची वेळ याच्या अर्ध्या तासाच्या आतबाहेर असेल तर हिशेब बरोबर. तिकिटावर नेहमी ब्लॉक टाइमच असतो, हवेतला वेळ नाही.

टप्पा ७: घड्याळाचा हिशेब

हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो आणि सगळ्यात महाग पडतो, म्हणून इथे घाई नको.

सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ प्रत्येकी त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. दोन्ही सरळ वजा करायच्या नाहीत. आधी दोन्ही जागतिक प्रमाणवेळेत आणा. भारत तिच्यापुढे साडेपाच तास. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे आणि उन्हाळी वेळेत चार तास मागे.

उदाहरण: मुंबईहून १५ जानेवारी, ०१:३०. न्यूयॉर्कला १५ जानेवारी, ०७:२०.

मुंबई ०१:३० मधून ५:३० वजा केले की १४ जानेवारी, २०:००.
न्यूयॉर्क ०७:२० मध्ये ५:०० मिळवले की १५ जानेवारी, १२:२०.
फरक १६ तास २० मिनिटं. टप्पा ६ शी जुळलं.

परत येताना: न्यूयॉर्क २५ जानेवारी, १२:३० म्हणजे प्रमाणवेळेत १७:३०. मुंबई २६ जानेवारी, १३:५० म्हणजे ०८:२०. फरक १४ तास ५० मिनिटं.

*सावधान, तारखेची चूक:* '१५ जानेवारी, ०१:३०' म्हणजे १४ तारखेची रात्र. आपण बोलताना '१५ च्या रात्री दीडचं विमान' म्हणतो, घरचे १५ ची संध्याकाळ धरतात आणि विमान गेल्यावर वीस तासांनी विमानतळावर पोहोचतात. मध्यरात्र ते पहाट या वेळेतलं कुठलंही विमान असेल तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: '१४ तारखेला संध्याकाळी घरातून निघायचं'.

*सावधान, उन्हाळी वेळ:* अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. २०२६ साठी ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. युरोपात मात्र मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, म्हणजे २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. भारतात घड्याळ हलत नाही. त्यामुळे ८ ते २९ मार्चदरम्यान लंडन-न्यूयॉर्क फरक पाचऐवजी चार तासांचा असतो. या दिवसांत लंडनला विमान बदलणार असाल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. आणि जानेवारीत काढलेल्या मार्चच्या तिकिटाची वेळ निघण्याआधी एकदा पुन्हा बघा.

फोनच्या कॅलेंडरमध्ये परतीची किंवा पोहोचण्याची वेळ नोंदवताना तिथे न्यूयॉर्कची वेळ निवडा. भारतात बसून ०७:२० नुसतंच टाकलं, तर तिकडे उतरल्यावर फोन ती नोंद आदल्या दिवशीच्या २०:५० ला दाखवतो.

टप्पा ८: मध्ये विमान बदलायचं असेल तर

लांबचा फेरा पडेल म्हणून लोक थांब्याचं तिकीट नाकारतात, पण अंतराने फारसा फरक पडत नाही. लंडनमार्गे ७,२१० + ५,५४० = १२,७५० किमी, दुबईमार्गे १,९३० + ११,००० = १२,९३० किमी. सरळ अंतरापेक्षा अनुक्रमे २२० आणि ४०० किमी जास्त, म्हणजे जेमतेम पाव-अर्धा तास. वेळ खातो तो थांबा आणि दुसऱ्यांदा चढणं-उतरणं. तीन तासांचा थांबा धरला तर लंडनमार्गे सुमारे वीस तास होतात.

थांब्याची वेळ मोजताना दोन्ही वेळा एकाच गावच्या असतात, त्यामुळे इथे सरळ वजाबाकी चालते. फक्त मध्यरात्र मध्ये येते का ते बघा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर नसतील तर सामान स्वतः काढून पुन्हा द्यावं लागू शकतं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही. ट्रान्झिट व्हिसाचा नियम त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचा.

अमेरिकेत पुढे शिकागो किंवा डॅलसला जायचं असेल तर इमिग्रेशन आणि सामान पहिल्याच अमेरिकी विमानतळावर होतं. तिथे तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नका. अबू धाबीहून जाणाऱ्यांचं इमिग्रेशन तिथेच उरकता येतं, तेव्हा त्या मार्गाला हा वेळ अलीकडे धरा.

टप्पा ९: घर ते घर

पुण्यातून न्यू जर्सीतल्या एडिसनला जाणाऱ्या कुटुंबाचा हिशेब, सगळा भारतीय वेळेत:

१४ जानेवारी, १७:०० ला पुण्यातून निघणं. द्रुतगती मार्गावरची कोंडी धरून २२:०० ला विमानतळ.
१५ जानेवारी, ०१:३० ला उड्डाण.
१७:५० ला केनेडीवर विमान थांबलं (तिथे सकाळचे ०७:२०).
इमिग्रेशन आणि सामान घेऊन १९:४५ ला बाहेर.
२१:३० ला एडिसन (तिथे सकाळचे ११:००).

एकूण साडेअठ्ठावीस तास. विमानातले सोळा तास वीस मिनिटं त्यातले अर्ध्याहून थोडे जास्त.

ज्येष्ठ प्रवाशांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांचं वेळापत्रक या उलटलेल्या तासांवर बसवायला हवं, तिथल्या घड्याळावर नाही. तिकडे पोहोचल्यावर 'सकाळ झाली' म्हणून गोळी घेतली तर दोन गोळ्यांमधलं अंतर बिघडतं. हा तक्ता डॉक्टरांना दाखवा आणि कुठली मात्रा कधी हे त्यांच्याकडून लिहून घ्या. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

न्यायला येणाऱ्याला निरोप पाठवताना 'उद्या सकाळी पोहोचतोय' असं लिहू नका, त्याचा उद्या आणि तुमचा उद्या वेगळे असू शकतात. असं लिहा: 'विमान क्रमांक अमुक, केनेडी विमानतळ, टर्मिनल अमुक, १५ जानेवारी, गुरुवार, न्यूयॉर्क वेळेनुसार सकाळी ७:२०. बाहेर यायला सव्वानऊ होतील.'